नाट्य विद्यालयाचा अर्ज: सहा नाटकांचे पुरावे आणि बाकीचे कागद

उन्हाळा लागला की आमच्या तालमीच्या खोलीत कोणीतरी फोन पुढे करतं. "दादा, एनएसडीची जाहिरात आलीय. भरू का?" एनएसडी म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. मी विचारतो, "नाटकं किती केलीस?" "आठ." "कागद किती आहेत?" इथे बहुतेक जण गप्प होतात.

अभिनय येतो की नाही ते ऑडिशनला कळतं. अर्जात विचारतात ते एवढंच, की आजवर काय केलंत आणि ते कशावरून. हा 'कशावरून' आपल्याकडची हौशी पोरं शेवटच्या आठवड्यात शोधायला लागतात. तोवर एकांकिकेचा दिग्दर्शक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि कॉलेजातले सांस्कृतिक विभागाचे सर निवृत्त झालेले असतात.

कोणाला अर्ज करता येतो

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली संगीत नाटक अकादमीने सुरू केलं. १९७५ पासून ती स्वायत्त संस्था आहे आणि तिचा खर्च केंद्राचं संस्कृती मंत्रालय करतं. मंडी हाउस मेट्रो स्टेशनच्या जवळ, भगवानदास रोडवरच्या बहावलपूर हाउसमध्ये ते भरतं. मराठी माणसाला हे नाव परकं नाही. या शाळेला घडवणारे इब्राहिम अल्काझी पुण्यात जन्मलेले, रोहिणी हट्टंगडी इथेच शिकल्या, आणि बीड जिल्ह्यातून आलेले वामन केंद्रे इथे शिकून पुढे इथेच संचालक झाले.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ आणि निवासी. जागा ३२, त्या अख्ख्या देशासाठी. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं शिकावं लागतं: नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, योग, आवाज. दुसऱ्या वर्षापासून अभिनय किंवा दिग्दर्शन-आरेखन अशी वाट वेगळी होते. "मला फक्त अ‍ॅक्टिंग करायचीय" म्हणणाऱ्याने सुतारकामाच्या वर्गात आपण काय करणार याचाही आधी विचार करावा.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. कोणत्याही शाखेची पदवी. वय १८ ते ३०, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच वर्षांची सवलत. हिंदी आणि इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान. किमान सहा नाट्यप्रयोगांत सहभाग. आणि रंगभूमीवरच्या जाणकार व्यक्तीचं शिफारसपत्र. वय कोणत्या तारखेला मोजायचं आणि अंतिम वर्षाचा निकाल बाकी असलेल्यांनी काय करायचं, हे त्या त्या वर्षाच्या जाहिरातीत असतं. ती जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवरूनच वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो बऱ्याचदा गेल्या वर्षीचा निघतो.

सहा नाटकं सिद्ध कशी करायची

आपल्याकडे नाटक करणाऱ्याला सहाचा आकडा मोठा नाही. राज्य नाट्य स्पर्धेचं एखादं नाटक, पुरुषोत्तम करंडक किंवा दुसऱ्या स्पर्धांच्या एकांकिका, गणपतीतलं एक, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं एक, असे तीन-चार वर्षांत सहा होतात. अडचण प्रमाणपत्रांची असते. स्पर्धेच्या कित्येक प्रमाणपत्रांवर कॉलेजचं नाव असतं, एकांकिकेचं असतं, तुमचं नसतं. असलं तरी 'सहभाग' एवढंच. भूमिका कोणती, ते कुठेच नाही.

त्यामुळे मी पोरांना सांगतो, पडदा पडला की आठवड्याभरात दिग्दर्शकाकडून एक पत्र घे. संस्थेच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, चार ओळींचं. नाटकाचं नाव आणि लेखक, तुझी भूमिका, प्रयोगाची तारीख आणि नाट्यगृह, नाटकाची भाषा. मंडळाला लेटरहेड नसेल तर साध्या कागदावर दिग्दर्शकाचं पूर्ण नाव, फोन नंबर आणि सही. त्या पत्रामागे प्रयोगाची पत्रिका किंवा स्थानिक पेपरातलं कात्रण आणि तुझा चेहरा ओळखू येईल असा एक फोटो टाचून ठेव. सहा नाटकांचे असे सहा गठ्ठे झाले की अर्जाचं निम्मं काम झालं. सहाच्या ऐवजी आठ ठेवले तर आणखी बरं, कारण एखादा कागद नाकारला गेला तर रडायची वेळ येत नाही.

शिफारसपत्राचंही तसंच. नगरसेवकाचं किंवा प्राचार्यांचं पत्र इथे उपयोगाचं नाही. ज्याने तुम्हाला तालमीत पाहिलंय, अशा दिग्दर्शकाचं किंवा नाट्यशास्त्राच्या शिक्षकाचं हवं. त्यांना आयत्या वेळी मजकूर टाइप करून देऊ नका, त्यांनाच लिहू द्या. "हा मुलगा कष्टाळू व प्रामाणिक आहे" हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता ते शिक्क्याचाच भाग वाटतं.

नावातला फरक आणि जातीचा दाखला

कागद म्हणून लागतात ते हे: दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), पदवीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, स्कॅन केलेली सही. यात घोळ एकच होतो, नावाचा. दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव गाळलेलं. क्रम बदलला तर सहसा बिघडत नाही. स्पेलिंग वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर राजपत्राची प्रत किंवा प्रतिज्ञापत्र आधीच काढून ठेवा.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी इथे जरा थांबून वाचावं. ही केंद्राची संस्था आहे. ओबीसी उमेदवाराला नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नोकरीसाठी काढलेला दाखला इथे चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी पाहावं लागतं. राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं) प्रमाणपत्र केंद्रीय प्रवेशाला लागू होत नाही. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षाचा हवा. तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रावर अर्ज देताना "सेंट्रलचा पाहिजे" हे तोंडाने सांगा आणि पावतीवर तसं लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचा. आमच्या एका मुलीला पंधरा दिवस थांबून राज्याचाच दाखला हातात मिळाला होता, आणि अर्जाची मुदत तीन दिवसांवर आली होती. तिने तो अर्ज खुल्या प्रवर्गातून भरला.

ऑडिशन, आणि आपली हिंदी

अर्ज ऑनलाइन भरायचा. छाननीनंतर मुंबईसह देशातल्या निवडक शहरांत प्राथमिक चाचणी होते. केंद्र अर्जातच निवडावं लागतं. संवाद कोणते तयार करायचे याच्या सूचना संस्था देते, त्या शब्दशः पाळा. संवाद पाठ असणं ही तर किमान गोष्ट. मधेच थांबवून "हेच आता कुजबुजत म्हण" किंवा "हेच धावत म्हण" असं सांगितलं तर गडबडून जाऊ नये, इतका तो संवाद अंगात मुरलेला हवा. गाणं विचारलं तर आपल्या भागातलं येऊ द्या. ओवी, भारूड, जत्रेतलं, शेतातलं. सिनेमातलं गाणं त्या खोलीत दिवसभर वाजत असतं.

मराठी मुलांचा खरा अडसर हिंदीचा, आणि व्याकरणापेक्षा उच्चारांचा जास्त. 'कौन' आपण 'कउन' म्हणतो, 'पैसा' 'पइसा' होतो. 'जाना' म्हणताना जीभ 'जाऊ दे'च्या 'ज'कडे घसरते, 'चम्मच' म्हणताना 'चमचा'च्या 'च'कडे. आपल्या कानाला हे कळतच नाही, कारण घरीदारी सगळे असंच बोलतात. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे: रोज हिंदीतलं एक पान मोठ्याने वाचायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि हिंदी मातृभाषा असलेल्या कोणाला तरी ऐकवायचं. महिन्याभरात फरक पडतो. मात्र मराठीपण पुसून टाकायच्या मागे लागू नका. हिंदी संवाद हिंदीत यावा, एवढंच.

प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावतात. तिथे हालचाल, आवाज, आयत्या वेळी सुचेल तो अभिनय (इम्प्रोव्हायझेशन), गटात काम आणि शेवटी मुलाखत असते. एकट्याने चमकणारे इथे मागे पडलेले मी पाहिलेत. दुसऱ्याचं ऐकतो का, सकाळी वेळेवर येतो का, हेही कोणीतरी बघत असतं. अंतिम प्रवेशाआधी वैद्यकीय तपासणी होते. निवड झालेल्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं, आणि या डिप्लोमाला अध्यापनासाठी व पीएचडीच्या नोंदणीसाठी एमएच्या तोडीची मान्यता आहे. आई-वडिलांना समजवताना हा शेवटचा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त चालतो.

दिल्ली नाही झाली तर

नाही होणाऱ्यांचीच संख्या मोठी आहे. विद्यालयाची बंगळुरू, गंगटोक आणि वाराणसीला एक वर्षाची केंद्रं आहेत, त्यांची जाहिरात वेगळी निघते. घरच्या जवळ शिकायचं तर पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे (१९८७ पासून), मुंबई विद्यापीठाची कलिनाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे (२००३ पासून), छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. गोव्यातल्यांसाठी पणजीची कला अकादमी. या ठिकाणी मराठीत काम करता येतं, ही छोटी गोष्ट नाही. राज्यातल्या विद्यापीठांत आरक्षणाचे कागद पुन्हा बदलतात, तिथे राज्याच्या नमुन्यातला दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र मागतात. म्हणजे दोन्ही फायली वेगळ्या ठेवायच्या.

कॅमेऱ्यासमोरचंच शिकायचं असेल तर पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली. पडद्यावरच्या अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवी लागते, आधी लेखी परीक्षा आणि मग ऑडिशन-मुलाखत. तेवढा वेळ किंवा पैसा नसेल तर त्यांचे थोड्या दिवसांचे अभ्यासक्रमही निघतात.

खासगी क्लासबद्दल थोडक्यात. एक तास बसून बघू देतात का, एका बॅचमध्ये किती मुलं, जाहिरातीतले नामवंत खरंच शिकवतात की उद्घाटनाला येतात, मधेच सोडलं तर फी परत मिळते का, हे विचारा आणि जीएसटीसह छापील पावती घ्या. 'सिरियलमध्ये रोल नक्की' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तिथून उठा. माझ्या ओळखीतल्या एकाने अशाच एका ठिकाणी 'पोर्टफोलिओ'च्या नावाखाली मोठी रक्कम भरली. हातात आलं ते चकचकीत अल्बम, आणि त्यातला चेहरा त्याच्या आईलाही ओळखू आला नाही.

पहिलं काम मिळवताना

ऑडिशनला कोणी पैसे मागत नाही. मागितले तर ते ऑडिशन नाही. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात बंगल्या-बंगल्यांतून ऑडिशनच्या खोल्या आहेत. दारातला माणूस तुमच्याकडे एक नजर टाकून 'फिट' किंवा 'नॉट फिट' म्हणतो. त्याचा तुमच्या अभिनयाशी काही संबंध नसतो, त्याला फक्त वय, उंची आणि चेहरा जुळवायचा असतो. आत गेलात की आधी ओळख: नाव, वय, उंची, गाव. मग डावी बाजू, उजवी बाजू, हातांचे तळवे. मग संवाद. हल्ली बरंचसं घरूनच रेकॉर्ड करून पाठवायला सांगतात. साधी भिंत, खिडकीचा उजेड समोरून, फोन आडवा, पंखा बंद. फोटोही असेच, चार-पाच, मेकअपशिवाय.

काम ठरलं की मानधन, दिवस, शिफ्टचे तास आणि पैसे किती दिवसांनी मिळणार, हे निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लेखी घ्या. टीव्हीत नव्वद दिवसांनी पैसे मिळणं ही नेहमीची रीत आहे, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांचं खोलीभाडं घरून आणावं लागतं. पॅन आणि रद्द केलेला चेक तयार ठेवा, बिल तुम्हालाच करून द्यावं लागेल. मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला जातो. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरा, तो परत मिळतो. नियमित काम मिळू लागलं की सिंटा या कलाकार संघटनेच्या सदस्यत्वाचं बघा. पैसे अडकले तर दाद मागायला जागा असते.

लहान मुलांच्या पालकांसाठी वेगळं. चौदा वर्षांखालच्या मुलाला शूटिंगला न्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावावर मुदत ठेवीत टाकावे लागतात. परवानगी काढणं निर्मात्याचं काम, पण पहिल्या दिवशी मुलाला सेटवर सोडण्याआधी तिची प्रत मागून घ्या आणि त्यावर तुमच्याच मुलाचं नाव आहे का ते पाहा.