गोळी चालू आहे, तरी बीपी का उतरत नाही?

पन्नाशीच्या आसपास ही तक्रार हमखास ऐकू येते. अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन सुरू होऊन तीन महिने झाले, पण वरचा आकडा १५० सोडत नाही. मग 'ही गोळी आपल्याला लागू पडत नाही' असं घरातच ठरतं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे नंबर लागतो. गोळीत दोष असतो असं कधीकधी दिसतंही. पण त्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेक घरबसल्या तपासता येतात.

पहिला संशय मोजणीवर घ्यावा. दवाखान्यात जिना चढून गेलात, खुर्चीच्या कडेला टेकलात, पाय एकमेकांवर टाकलेत, हात मांडीवर आणि डॉक्टरांशी बोलणं चालू, तर यंत्र जे दाखवेल ते तुमचं नेहमीचं बीपी नव्हे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे मोबाइलही बाजूला. हात टेबलावर असा ठेवा की पट्ट्याचा मध्य छातीच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीवर येईल. हात जितका खाली, तितका आकडा वर: दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिमी (मिमी म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, बीपीचा आकडा त्यातच असतो). हात मांडीवर ठेवून १२ सेंमीचा फरक पडला, तर नुसत्या बसण्याच्या पद्धतीने ९ मिमी वाढले.

पट्टा हा त्याहून दुर्लक्षित भाग. यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याची टेप घ्या, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. तो ३२च्या वर असेल तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा सुमारे ५ मिमी जास्त आला. त्याहूनही मोठा लागणाऱ्यांत तो जवळपास २० मिमी जास्त आला. म्हणजे खरं बीपी १३२ आणि कागदावर १५०. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधू नका, आणि बाही गुंडाळून वर सरकवली तर ती दंडाला आवळणार नाही हे पाहा. मनगटावरची यंत्रं सोयीची खरी, पण हात जरा वरखाली झाला की त्यांचा आकडा हलतो. दंडाचंच यंत्र घ्यावं.

सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढे कायम धरा. फरक १५च्या वर असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मग सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि सगळं लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. आवडलेला आकडा लिहायचा आणि नावडता 'चुकून आला' म्हणून सोडायचा, हा मोह टाळा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्यापुढे सरासरी गेली तर बीपी वाढलेलं आहे. दवाखान्यातली हीच रेषा १४०/९० धरतात. काहींचं बीपी फक्त दवाखान्यात वाढतं. काहींचं उलट, तिथे ठीक आणि घरी किंवा कामाच्या ठिकाणी चढलेलं. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही.

'खालचा तर ८०च आहे' हे समाधानही फारसं कामाचं नाही. वयाबरोबर मोठ्या धमन्या ताठर होतात, हृदयाचा प्रत्येक ठोका झेलून त्या पूर्वीइतक्या ताणल्या जात नाहीत. म्हणून पन्नाशीनंतर वरचा आकडा चढत जातो आणि खालचा स्थिर राहतो किंवा उतरतो. या वयात वरच्याकडेच जास्त लक्ष द्यायचं.

मोजणी पक्की झाली, तरी सरासरी जास्तच? मग स्वयंपाकघरात जा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. आपण किती खातो याचा अंदाज जिभेला येत नाही, मिठाच्या पिशवीवरून मात्र येतो. एक किलोची नवी पिशवी फोडली की त्यावर तारीख टाका. चार मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम गेलं तर ती ५० दिवस पुरायला हवी. तीस दिवसांत संपली तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि यात बाहेरचा पाव, फरसाण, वेफर्स, विकतचं लोणचं धरलेलंच नाही. (त्याच महिन्यात घरी लोणचं घातलं असेल तर तो हिशेब वेगळा.) पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि त्यातही सोडियम आहे. पित्तावर घेतली जाणारी फसफसणारी पावडर म्हणजेही सोडियमच. कोकणात सुकट आणि खारा बोंबील यांचा वाटा मोठा; भिजवून पाणी फेकलं तर थोडं मीठ कमी होतं, सगळं नाही.

सैंधव घेतलं म्हणजे सुटलो, असं नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, शिवाय बहुतेक वेळा आयोडिनशिवाय. खरा पर्याय म्हणजे काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ. चीनच्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी, मग डॉक्टरांना विचारून मीठ.

आता औषधांच्या डब्यातली दुसरी औषधं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीरात मीठ आणि पाणी अडवून ठेवतं, बीपी वाढवतं आणि बीपीच्या गोळ्यांचा जोरही कमी करतं. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. आणि ज्येष्ठमध! खोकल्याच्या काढ्यात चार दिवस घेतलं तर बिघडत नाही. रोज महिनोन्महिने घेतलं तर त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं, सोडियम साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. 'आयुर्वेदिक आहे' म्हणून हे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.

मूळ गोळीबद्दल घाई नको. अम्लोडिपिनचा अंमल शरीरात स्थिरावायला आठवडाभर लागतो. तिसऱ्या दिवशी निकाल लावण्यात अर्थ नाही. सकाळी घ्यावी की रात्री, या जुन्या वादावर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निष्कर्ष आले आणि फरक आढळला नाही. विसरणार नाही ती वेळ योग्य. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. एकादशीला किंवा नवरात्रात उपवास म्हणून गोळी सोडू नये. फक्त लघवी वाढवणारी गोळी असेल आणि निर्जळी उपवास, जुलाब किंवा मे महिन्यातली घामाची धार असेल, तर चक्कर येते, म्हणून ते आधी विचारून ठेवावं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी एकदम थांबवली तर बीपी आणि नाडी उसळतात.

एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातली गोळी कमी मात्रेत जोडली तर बीपी कितीतरी जास्त उतरतं. डोस वाढवला की परिणामापेक्षा त्रासच भरभर वाढतो. अम्लोडिपिन ५ वरून १० मिग्रॅ केल्यावर घोटे सुजतात ते याचंच उदाहरण. ही सूज शरीरात एकूण पाणी वाढल्यामुळे नसते, बारीक धमन्या सैल झाल्याने केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव बाहेर झिरपतो. म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी ओसरत नाही. टेल्मिसार्टन जोडलं तर कमी होते. दोन गोळ्या लिहून दिल्या म्हणजे आजार बळावला असं समजू नये.

वेगवेगळ्या गटांतल्या तीन गोळ्या, त्यांतली एक लघवी वाढवणारी, नियमित चालू आहेत आणि तरी घरची सरासरी चढीच आहे, अशांची तपासणी वेगळी. घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं हे मोठं कारण. ते शेजारी झोपणाऱ्यालाच विचारावं. शरीरातलं मीठ आणि बीपी सांभाळणारे रक्तातले अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं प्रमाण पाहून अधिवृक्क ग्रंथीतला (मूत्रपिंडाच्या माथ्यावरची लहान ग्रंथी) दोष शोधता येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत अशा रुग्णांना चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सगळ्यांत उपयोगी ठरली. ती सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासावं लागतं.