पार्श्वभूमी : कर्करोग विभागाला मिळालेली देणगी कुठे लागावी

विदर्भातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या कर्करोग विभागाला मोठी देणगी जाहीर झाली, की बोलणं लगेच मशीनवर येतं. नवं रेडिएशन युनिट, नवी इमारत, दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी. मशीन नसेल तर ते लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या राज्यात धर्मादाय पैशावर कर्करोगाचं काम कसं उभं राहिलं आणि कुठे अडलं, हे आधी पाहिलं तर पैशाची वाटणी वेगळी होईल, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात मुंबईची. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. रुग्णालय बांधून देणं ट्रस्टने केलं; पिढ्यान्पिढ्या चालवायला मात्र सरकारचा दरवर्षीचा निधी लागला. टाटांच्या पैशाचं हे झालं, तर आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी एकरकमी आलेल्या देणगीचं काय होईल, याचा विचार पहिल्या बैठकीतच व्हायला हवा.

रेडिएशनचं उदाहरण घ्या. एका प्रकारच्या मशीनमध्ये किरणं देणारा कोबाल्ट-६० हा पदार्थ, म्हणजे सोर्स, बसवलेला असतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास. म्हणजे सोर्स बदलला नाही, तर पाच वर्षांनी तेवढाच डोस द्यायला रुग्णाला जवळपास दुप्पट वेळ टेबलावर झोपवावं लागतं, आणि दिवसाला होणारे रुग्ण तेवढेच कमी होतात. लिनॅकला, म्हणजे विजेवर किरणं तयार करणाऱ्या मशीनला, सोर्स लागत नाही, पण अखंड वीज, वातानुकूलन आणि दरवर्षीचा देखभाल करार लागतो. दोन्हींना किरणांचा डोस मोजून ठरवणारा मेडिकल फिजिसिस्ट हवाच, आणि तो माणूस मोठं शहर सोडून इकडे टिकवायचा तर पगाराची सोय दहा वर्षांची हवी. खरेदीला जेवढी रक्कम, तिच्या तोडीची रक्कम कायम ठेवीत टाकून तिच्या व्याजावर हा खर्च चालवावा. ठेवीवर नावाची पाटी लागत नाही, म्हणून ती मागे पडते.

विदर्भाचा स्वतःचा इतिहास याहून वेगळा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच गेले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला: सुगीला घरटी ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचारात सवलत घ्यायची. त्या व्यवस्थेत आजार होण्याआधीच रुग्णालयाची गावाशी ओळख असायची. कर्करोगात नेमकी तीच कमी आहे. माणूस येतो तेव्हा गाठ फुटलेली असते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षं दबा धरून वाढतो. तपासणीच नाही तिथे तो सापडणार कुठून? याचं उत्तर शेजारच्या मराठवाड्यात मिळालं. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची आयुष्यात एकदाच केलेली तपासणी, एवढ्याने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पैसा होता गेट्स फाउंडेशनचा, म्हणजे देणगीचाच. तो गावोगावी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांवर आणि तपासणीवर लागला.

तोंडाच्या कर्करोगाचा धोका हेरायला तर प्रयोगशाळेचीही वाट पाहावी लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इथल्या पानठेल्यावर शाळकरी पोरांनाही मिळतो. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, खर्रा राहिला. खर्रा खाणाऱ्याला तोंड उघडायला सांगून त्याचीच तीन बोटं उभी आत घालायला लावा. दोनच मावली, आतला गाल पांढरट आणि ताठ लागला, तर त्याला त्याच दिवशी पुढे पाठवायचं. आशाताईंना हे शिकवणं, त्यांना मानधन देणं आणि नंतरच्या बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, खर्च उचलणं, हे देणगीने करावं.

बायोप्सीचं मुद्दाम सांगतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली. पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. पुढे तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन तिच्यात बसतात, त्यामुळे तिथे देणगी ओतण्याची गरज पूर्वीइतकी नाही. पण योजनेची मंजुरी मागायला निदानाचा कागद लागतो, आणि तो हातात येईपर्यंतचा खर्च घरच्यांच्या खिशातून जातो. रेडिएशन आठवड्याला पाच दिवस, पाच ते सात आठवडे चालतं. कापूस वेचणीच्या दिवसांत एवढे दिवस दोन माणसं घराबाहेर राहिली तर मजुरीही जाते आणि खानावळीचा खर्चही चढतो. उपचार अर्धवट सुटतात ते इथे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांनी देवळं न बांधता धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटाचे रुग्ण उतरतात. कर्करोग विभागाच्या आवारात तशी जागा, दोन वेळचं जेवण आणि एसटीचं भाडं, एवढं देणगीतून झालं तर अर्धवट सोडून जाणारे कितीतरी रुग्ण टिकतील.

उरतात ते उशिरा आलेले. त्यांच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे औषध लागतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिनचे परवाने इतके किचकट झाले, की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी ग्रामीण भागात वेदनाशमन अजून फारसं पोचलेलं नाही. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी महाग नाही. प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि गावात घरापर्यंत जाणारी गाडी, एवढ्याची तरतूद आधी लिहून घ्यावी आणि मशीनच्या ऑर्डरवर त्यानंतर सही करावी.