पाचारण आणि पोटाचा धंदा

माझे वडील भायखळ्याच्या एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दुपारी डबा उघडला की हात जोडून अर्धा मिनिट डोळे मिटत. शेजारचे जुळारी तोवर थांबत. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. काम सुटताना वापरलेला प्रत्येक खिळा आपापल्या घरात परत पडल्याशिवाय वडील उठत नसत. चुकीच्या घरात पडलेला ‘घ’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाच्या ओळीत जाऊन बसतो, असं ते म्हणत. चर्चमध्ये मात्र ‘पाचारण’, म्हणजे देवाने माणसाला कामासाठी बोलावणं, हा शब्द निघाला की सगळ्यांच्या नजरा पाळकसाहेबांकडे वळायच्या. वडिलांच्या खिळ्यांना तो शब्द कुणी लावल्याचं मला आठवत नाही.

हा भेद मुळात नव्हता. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरात तंबू करून पोट भरलं आणि सुवार्ताही सांगितली. पुढे युरोपात देवाचं पाचारण म्हणजे मठातलं जीवन, असं होऊन बसलं. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ही भिंत पाडली. त्याच्या लिखाणातून ‘बेरूफ’ हा एकच जर्मन शब्द पाचारणालाही आणि धंद्यालाही रूढ झाला. मराठीत तसं घडलं नाही. पाचारण वेदीपाशी राहिलं, नोकरी-धंदा बाजारात.

मुंबईत या प्रश्नाला वेगळीच धार आली. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये इथे उतरले, त्यांनी छापखाना काढला, शाळा काढल्या. पुढे ‘निर्णयसागर’ मुद्रणालय उभारणारे जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्यात कामाला होते. ते ख्रिस्ती नव्हते, पण खिळ्यांची कला तिथूनच शहरभर गेली. जो बाप्तिस्मा घेई त्याचं मात्र बहुधा घर सुटायचं, जात सुटायची, आणि जातीबरोबर बापजाद्यांचा धंदाही. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, यासाठी १८५० मध्ये कायदा करावा लागला, यावरून काय ते कळावं. हातात उरायचं ते मिशनचं काम: शाळेत शिकवणं, छापखाना, दवाखाना. आणि मग टोमणा यायचा, ‘पोटासाठी बाटला.’ त्याला तोंडाने उत्तर देऊन भागत नव्हतं. हिशेब चोख ठेवणं, रोग्याची जात न विचारता जखम धुणं, हीच त्या माणसांची साक्ष होती. आपल्या पूर्वजांचा विश्वास तिथे घडला, असं मला मनापासून वाटतं.

इथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक पोर्तुगीज काळापासूनचे. त्यांचं तर नावही नोकरीशी जोडलेलं आहे. गोव्याचे ख्रिस्ती पोर्तुगालचे प्रजाजन, आपण इंग्रजांचे, हा फरक सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत ठसावा म्हणून त्यांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं.

रविवारचंही असंच. सरकारी कचेऱ्यांना तो साहेबाच्या धर्मामुळे मिळाला. गिरण्यांतल्या कामगारांना तो १८९० मध्ये सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाला, आणि त्यांच्यापुढे खंडोबाचा वार होता. उपासनेचा दिवस आणि अंग टेकायचा दिवस एकच, हे सुख या शहराला सत्यशोधकाने दिलं, हे ख्रिस्ती माणसाने विसरू नये.

कॅथलिक चर्चने कामगाराचा प्रश्न १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांच्या परिपत्रकातून हाती घेतला. संसारात, कामाधंद्यात राहूनच प्रापंचिकाला पवित्रतेचं पाचारण आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट म्हटलं.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली बुधवारची नोव्हेना, म्हणजे नेमाने म्हटली जाणारी विशेष प्रार्थना, १९४८ मध्ये सुरू झाली. तिचा वार रविवार नाही, ऐन कामाचा आहे. संध्याकाळी तिथे गेलात तर दिसेल: खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र काढायचंही राहून गेलेलं, आणि हातात मेणबत्ती.