सस्पेन्शन लिफ्ट (कमी बजेटच्या ऑफ-रोड गाडीसाठी)

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे गाडीची चेसी (खालचा सांगाडा) आणि तिच्यावरची बॉडी, दोन्ही ॲक्सलपासून वर उचलणं. हे पाटे (लीफ स्प्रिंग) किंवा कॉइल स्प्रिंग बदलून करता येतं, पाट्यांची बसायची जागा बदलून करता येतं, नाहीतर शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) लांब करून. बॉडी लिफ्ट ही वेगळी भानगड, तिच्यात चेसी जागच्या जागी राहते आणि चेसी-बॉडीच्या मध्ये फक्त ठोकळे जातात, म्हणजे टायरला जागा होते पण चेसी जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. गॅरेजात मात्र दोन्हीला "गाडी उचलून दे" एवढंच म्हणतात, त्यामुळे काय हवंय ते आपणच नीट सांगावं लागतं.

इंदुरात हे काम जास्त करून जिप्सी, जुनी थार, बोलेरो आणि मेजर किंवा एमएम 540 सारख्या जुन्या महिंद्रा जीपांवर होतं. महू छावणी शेजारीच असल्यामुळे मिलिटरीच्या डिस्पोजलची जिप्सी हा इथल्या पोरांचा ठरलेला पहिला प्रेमभंग. पाट्यांना आपण मराठीत पाटे म्हणतो पण लोहामंडी किंवा ट्रान्सपोर्ट नगरला जाऊन कमानी म्हणावं लागतं, शॉक ॲब्सॉर्बरला शॉकर, आणि प्रॉपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटला नुसतं क्रॉस.

लिफ्टनं काय मिळतं

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. जिप्सी किंवा जुन्या जीपसारख्या सलग ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) गाडीत सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू म्हणजे डिफ्रेंशियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा, आणि तो ॲक्सलवरच असतो. तुम्ही चेसी 2 इंच उचला की 5 इंच, गोळा जमिनीपासून तेवढाच राहणार. तो वर जातो फक्त मोठ्या टायरनं, आणि तेही टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच. मग लिफ्ट कशाला? तर तो मोठा टायर फेंडरला न घासता बसावा म्हणून. शिवाय पोट, पुढचा-मागचा बंपर वर जातात, म्हणजे चढाच्या तोंडाशी नाक आपटत नाही आणि बांधावर गाडी मधोमध टेकत नाही, तोही फायदा आहेच.

म्हणून माझ्या मते आधी टायर ठरवायचा, लिफ्ट नंतर. हिशोब सोपा आहे. जिप्सी किंगचा कंपनीचा टायर 205/70 आर 15, त्याचा व्यास साधारण 668 मिमी. 215/75 घातला तर 703, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम 17-18 मिमी जास्त. 235/75 घातला तर 733, म्हणजे 33 मिमी, सव्वा इंचाच्या थोडं वर. 235 साठी जी दीड-दोन इंच लिफ्ट लागते तेवढ्यावर थांबलेला माणूस सुखी असतो. पण हा टायर घातल्यावर काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी खरं तर 66 च्या आसपास पळत असते, आणि 1.3 लिटरच्या इंजिनाला चढावर ते ओझं लगेच जाणवतं, पाचवा गिअर बायपासवर सुद्धा नावालाच उरतो.

मालव्याच्या काळ्या मातीत हा हिशोब आणखी पटतो. ही माती बेसाल्ट झिजून झालेली, पाणी प्यायली की फुगते, आणि पावसात चोरलच्या बाजूला किंवा जानापावच्या मागच्या कच्च्या वाटांवर ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्यात गाडी उतरली की मधला उंचवटा थेट गोळ्याला घासतो. तिथे चेसी किती वर आहे ह्याच्याशी मातीला काही देणंघेणं नसतं. टायरच्या खाचा भरल्या की तो गुळगुळीत लाटणं होतो, मग लिफ्ट कितीही असो, दोर आणि ट्रॅक्टरवाले काकाच कामाला येतात.

उचलायचे प्रकार, स्वस्तापासून

लांब शॅकल सगळ्यात स्वस्त. पाट्याचं एक टोक चेसीला फिक्स असतं, दुसरं शॅकलवर झुलतं, म्हणून शॅकल 2 इंच लांब केलं तर ॲक्सलच्या जागी गाडी 1 इंचच उचलली जाते. लोक 2 इंच लांब शॅकल लावून 2 इंच लिफ्ट शोधत बसतात. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, ते लांब केलं की पाटा नाकाकडे वाकतो आणि ॲक्सलही पुढे कलंडतो, म्हणजे कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळ का येतं त्याचं कारण (सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तसं). तो कमी झाला की गाडी हायवेवर इकडेतिकडे भटकते, देवास नाक्यापर्यंत जाईस्तोवर खांदे दुखतात. उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी घालून ॲक्सल परत मागे कलता करायचा. पट्टीची जाड बाजू कुठल्या अंगाला जाते ते दोनदा बघा, उलटी बसली तर होता तेवढा कॅस्टरही जातो.

दुसरा मार्ग जुन्या पाट्यांना नव्यानं कमान देणं, किंवा एखादा जास्तीचा पाटा घालणं. जास्तीच्या पाट्यानं उंची मिळते आणि पाठ मोडते, कारण स्प्रिंग कडक होते आणि रिकाम्या गाडीत प्रत्येक स्पीड ब्रेकर मणक्यात लागतो. मागे कायम सामान असेल तर मात्र तो वाईट नाही. कमान देण्यात कारागीर महत्त्वाचा. थंड पाट्यावर ठोकून ठोकून कमान आणणारा चालतो, भट्टीत लाल करून वाकवणारा असेल तर नंतर पाणी-तेल देऊन परत टेम्पर करतो का ते विचारा, कारण नुसता तापवून सोडलेला पाटा मऊ पडतो आणि दोन पावसाळ्यात होता त्याच्याही खाली बसतो. नवे तयार पाटे महाग खरे, पण उंची आणि आराम दोन्ही त्यांच्यातच मिळतं, म्हणून पैसे साठवून थेट इथेच यावं असं मी सांगतो आणि कोणी ऐकत नाही.

लिफ्ट ब्लॉक, म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा, हा फक्त मागच्या ॲक्सलला, तोही एकच. पुढच्या ॲक्सलला ब्लॉक लावायचाच नाही, ब्रेक मारल्यावर ॲक्सल पिळला जातो आणि ठोकळा सरकला तर स्टिअरिंगच हातात राहत नाही. ठोकळ्यावर ठोकळा रचणाऱ्याच्या गॅरेजातून चहा न पिता निघून यावं.

ॲक्सलखालचा पाटा वर नेणं ही मोठी उडी. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात, ते ॲक्सलच्या वर बसवले की साधारण 5 इंच मिळतात आणि पाटे तेच जुने राहतात म्हणून आराम टिकतो. कागदावर फुकटचा सौदा वाटतो. प्रत्यक्षात ॲक्सलवर पाट्याच्या बैठका बरोबर कोनात वेल्ड करायच्या, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) नवी करायची, शाफ्ट लांब करायचा, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल पाट्यांना पिळतो त्याचाही बंदोबस्त करायचा. कमी बजेटवाल्यानं ह्या वाटेला जाऊच नये.

2010 ची सीआरडीई डिझेल थार वेगळी, तिच्या मागे पाटे आहेत पण पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी). त्याचा ॲडजस्टरचा बोल्ट आवळला की नाक वर येतं, खर्च शून्य, म्हणून सगळे आवळतात. पण ह्यात स्प्रिंग बदलत नाही, चाकाची खाली जायची जागा तेवढी कमी होते, मग खड्ड्यात चाक लोंबून ठक् करतं आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट तिरपे होऊन फाटतात. इंचभर पुरे. आवळायच्या आधी बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवायचं. 2020 नंतरची थार आणि जिम्नी ह्यांना कॉइल स्प्रिंग आहेत, तिथे सलग ॲक्सलला चेसीशी आडवा बांधणाऱ्या पॅनहार्ड रॉडचं बघावं लागतं, कारण गाडी उचलली की तो रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढतो.

लिफ्टपेक्षा महाग असलेल्या गोष्टी

बजेट इथेच फसतं. गाडी उचलली की जुना शॉकर लांबीला कमी पडतो, चाक लोंबल्यावर पूर्ण खेचला जातो आणि आतून सुटतो. नवा शॉकर घेताना दोन मापं लागतात, चाक पूर्ण लोंबलेलं असताना आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर येताना शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) दबलेला असताना, दोन्ही वेळा वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंत. बंद शॉकर बंप स्टॉपच्या आधी टेकता कामा नये, नाहीतर तो स्वतःच बंप स्टॉप होतो. बंप स्टॉपसुद्धा खाली आणावे लागतात, नाहीतर मोठा टायर दबून फेंडर कापतो. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, 60-70 ला फरशीतून गुरगुर यायला लागली की क्रॉस आणि कोन तपासा, आणि शाफ्टचा सरकणारा भाग बाहेर किती आलाय तेही.

आणि ब्रेकचे होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळ्या. माझ्याच जिप्सीला पहिल्यांदा उचललं तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "भिया, होज पुरेल, टेन्शन नको", मीही जमिनीवर उभ्या गाडीत बघितलं तर खरंच पुरत होता. चोरलच्या अलीकडे एका नाल्यात उजवं चाक पूर्ण लोंबलं, काहीच आवाज नाही, पण पुढच्या वळणावर पॅडल अर्धं खाली गेलं. उतरून बघतो तर होजच्या मुळाशी तेलाचा ओला ठिपका आणि रबरावर नखानं ओरखडा काढावा तशी बारीक चीर. सिमरोलपर्यंत लो रेशोत पहिल्या गिअरमध्ये रांगत आलो, बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून चेसी जॅकवर घेऊन चाकं लोंबकळती ठेवायची, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं आणि होज बोटानं दाबून बघायचा, त्यात ढील असलीच पाहिजे. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व असेल तर त्याची दांडीही नव्या उंचीला जुळवावी लागते, कारण उंच झालेल्या गाडीला व्हॉल्व रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी करतो.

बसवताना

आदल्या रात्री सगळ्या यू-बोल्टांवर (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट) गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, मिलिटरीच्या गाडीत तर दोन रात्री. जॅक चेसीला लावून खाली पक्के स्टँड, विटा नाहीत, वीट फुटते तेव्हा सांगून फुटत नाही. चारही चाकांची मापं आधी घ्या, हबच्या मधोमधपासून फेंडरच्या कडेपर्यंत, नाहीतर काम झाल्यावर किती उचलली ते नुसतं डोळ्यानं ठरतं. पाट्याचा सेंटर बोल्ट ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलाय ना ते बॅटरी लावून बघायचं, तो भोकाच्या कडेवर चढलेला असताना यू-बोल्ट आवळले तर ॲक्सल तिरका राहतो. यू-बोल्ट जुने परत वापरू नका, आटे ताणलेले असतात. पाट्यांच्या आणि शॅकलच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि महिन्यात फाटतं. मग टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवून घ्यायचा, कॅस्टर मोजून मागायचा, आणि हेडलाइट खाली करायचे, बायपासवर समोरचा उगाच डिपर मारत नसतो.

गाडी आता वळणावर जास्त झुकते कारण वजन वर गेलंय. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, 2021 ला सुरू झाला, कंपन्या तिथे गाड्या घासून बघतात. आपली उचललेली गाडी मात्र कोणीच तपासलेली नसते, म्हणून पहिले काही दिवस मांडूच्या घाटात नाही, रिकाम्या रस्त्यावर हळू वळवून अंदाज घ्या.

कायदा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करायला मनाई आहे, आणि जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले खाली वाकून बघणारच. रस्त्यावर चालवायच्या गाडीत दीड-दोन इंचाच्या पुढे न जाण्याचं हेही एक कारण.

500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायचे, नवे पाटे बसून थोडे खाली येतात आणि बोल्ट ढिले पडतात. त्याच वेळी हब ते फेंडर चारही मापं पुन्हा घेऊन बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं तारखेसकट लिहून ठेवतात. माझ्या बॉनेटखाली आता चार ओळी झाल्यात, उजवं मागचं चाक दर पावसाळ्यानंतर 3-4 मिमी उतरतं, टाकी आणि मी दोघं बहुतेक त्याच बाजूला बसतो.