जुन्या पीसीवर लिनक्स: ‘टाकून तर बघ’ इतकं सोपं कधी झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला आणि घरोघरचे धडधाकट पीसी ‘जुने’ ठरले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या अखेरीपासूनचा. २०१६ साली हौसेने घेतलेला सहाव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, सगळं ठणठणीत, तरी नापास. अशा वेळी ओळखीतलं कुणीतरी म्हणतंच, ‘लिनक्स टाकून बघ ना.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. एप्रिल २०१४मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हाही हाच सल्ला फिरत होता आणि जानेवारी २०२०मध्ये विंडोज ७ गेलं तेव्हाही. यातला ‘बघ’ हा भाग मात्र सुरुवातीला अजिबात सोपा नव्हता.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये फिनलंडमध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते घरच्या, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या पीसीवर. साध्या मशीनवर चालणं त्याच्या अंगी पहिल्यापासूनच होतं. १९९३मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे दोन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वापरायला तयार संच, सुरू झाले, आणि दोन्ही आजही आहेत. पण त्या काळात लिनक्स टाकायचं म्हणजे फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन बसायचं, हार्ड डिस्कचं पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे भाग, हाताने पाडायचं आणि ग्राफिक्स चालू व्हायला मॉनिटरचे आकडे एका फाइलमध्ये स्वतः लिहायचे. पार्टिशन चुकलं की विंडोजही गेलं आणि त्यातला सगळा डेटाही. घरात एकच असेंबल्ड पीसी, त्यावर असला प्रयोग कोण करू देणार?

आपल्याकडे त्यात डाउनलोडची रड होती. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर ७०० एमबीची एक सीडी उतरवायची तर मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी जवळपास अठ्ठावीस तास लागणार, आणि मोडेम पूर्ण वेगाने कधीच चालत नसे. तेवढा वेळ फोन अडकलेला, बिल वेगळंच. त्यामुळे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, तिला चांगलाच भाव होता.

खरी कलाटणी दिली लाइव्ह सीडीने. सीडीवरूनच थेट चालणारं लिनक्स करण्याचा प्रयत्न यग्ड्रासिल या डिस्ट्रोने १९९२मध्येच केला होता, पण तेव्हाच्या सीडी ड्राइव्हला तो वेग झेपणारा नव्हता. २०००मध्ये जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढलं आणि चित्र पालटलं. फाइली कॉम्प्रेस करून सुमारे दोन जीबीचं सॉफ्टवेअर त्यांनी ७०० एमबीच्या सीडीत बसवलं. हवा तेवढाच भाग त्या-त्या वेळी उलगडायचा, आणि काही लिहायचं झालं तर ते रॅममध्ये. हार्ड डिस्कला हातही लागत नसे. बूट होतानाच साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, माउस सगळं आपोआप ओळखलं जाई. ड्राइव्ह घरघरायचा, प्रोग्रॅम उघडायला वाट बघावी लागायची. पण पीसी बंद करून सीडी काढली की विंडोज जिथल्या तिथे. बूटच होत नसलेल्या विंडोजमधून फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढायलाही ही सीडी कामाला यायची.

हीच युक्ती मग अगदी जुन्या मशीनकडे वळली. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३मध्ये पपी लिनक्स आणलं. ते आख्खं रॅममध्येच जाऊन बसायचं, त्यामुळे मरतुकडी हार्ड डिस्क असली तरी फरक पडत नसे. डॅम स्मॉल लिनक्स तर ५० एमबीत मावायचं आणि १६ एमबी रॅमच्या ४८६वर चालायचं. एलटीएसपी या लिनक्स प्रकल्पाने वेगळाच मार्ग काढला होता: एक दमदार सर्व्हर आणि त्याला जोडलेले, हार्ड डिस्क नसली तरी चालणारे जुने पीसी. गोव्यातल्या शाळांसाठी परदेशातून वापरलेले संगणक आणणाऱ्या गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टनेही त्या सुमारास लिनक्सचाच आधार घेतला. प्रत्येक मशीनला विंडोजचं लायसन्स घ्यायचं तर मशीनपेक्षा लायसन्स महाग, असा साधा हिशोब होता.

मग आलं उबुंटू हे नवं डिस्ट्रो, ऑक्टोबर २००४मध्ये. शिपइट योजनेत नुसता पत्ता कळवला की सीडी फुकट घरपोच यायची, तीही पोस्टाने. २०११पर्यंत हे चाललं. माझ्या मते त्याहून मोलाचं पाऊल जून २००६च्या ६.०६ आवृत्तीत पडलं. तोवर लाइव्ह सीडी वेगळी आणि इन्स्टॉलची वेगळी होती. आता एकाच सीडीवर आधी चालवून पाहा, वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा आणि पटलं तर डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक करून इन्स्टॉल करा. पुढे सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली, पण पद्धत तीच राहिली.

हलक्या डेस्कटॉपची सोयही याच काळातली. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेऊन उबुंटूचंच रूप असलेलं झुबुंटू २००६मध्ये आलं. तैवानमध्ये त्याच वर्षी सुरू झालेल्या एलएक्सडीई या डेस्कटॉपवर उभं राहिलेलं लुबुंटू २०११मध्ये उबुंटूच्या अधिकृत कुटुंबात सामील झालं.

यातून एक समज मात्र पक्का झाला, की कितीही जुनं मशीन द्या, लिनक्स चालणारच. तो अर्धाच खरा. ज्या ३८६वर लिनक्स जन्मलं, त्याचाच सपोर्ट २०१३च्या ३.८ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) काढून टाकला गेला. उबुंटूने १७.१० पासून ३२-बिटची, म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठीची, डेस्कटॉप सीडी बंद केली. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६मध्ये सोडलं, फायरफॉक्सने १४४व्या आवृत्तीनंतर. आणि खरं दुखणं ब्राउझरचंच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम तीनशे एमबीत भागवेल हो, पण चार टॅब उघडले की एक जीबी रॅमचा पीसी गुडघे टेकतो. तिथे पपीचं काही चालत नाही नि अँटिएक्स या हलक्या डिस्ट्रोचंही.

विंडोज १०वरून आलेले पीसी या रांगेतले नाहीतच. ते बहुतेक सगळे ६४-बिट आहेत, त्यांत बहुधा चार-आठ जीबी रॅम आहे. लिनक्स मिंट या डिस्ट्रोला किमान दोन जीबी लागते, चार असली तर बरं. म्हणजे या मशीनसाठी हलका डिस्ट्रो शोधत बसायची गरजच नाही. नेहमीचा मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन बूट केला तरी पुरे.