आधी व्याकरण, मग कान: चीनमधल्या इंग्रजी परीक्षांची पार्श्वभूमी

चीनमध्ये कॉलेजची सीईटी-4 ही इंग्रजीची परीक्षा द्यायला निघालेल्या मुलांकडे पेन्सिल, खोडरबर, ओळखपत्र आणि बऱ्याचदा कानावर चढवायचा रेडिओही असतो. अनेक विद्यापीठांत ऐकण्याचे प्रश्न एफएमवरून वाजवले जातात. ठरलेलं स्टेशन लावायचं, सेल नवे आहेत ना ते पाहायचं आणि खरखर होऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करायचा. (आपल्याकडची सीईटी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.)

कानाला एवढा मान मिळायला बराच काळ जावा लागला. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (1966-76) इंग्रजी हा संशयाचा विषय होता. 1973 मध्ये हनान प्रांतातल्या एका शाळकरी मुलीने इंग्रजीच्या पेपरवर लिहिलं की, मी चिनी आहे, परकी भाषा शिकून मला काय करायचंय. शिक्षकांनी फैलावर घेतल्यावर तिने पाण्यात उडी घेऊन जीव दिला. त्याचं पुढे देशभर राजकारण झालं आणि शिक्षकच आरोपी ठरले.

1977 मध्ये विद्यापीठ प्रवेशाची गावखाव परीक्षा पुन्हा सुरू झाली, पण इंग्रजी लगेच आत आलं नाही. गावोगावी शिक्षकच नव्हते, तर गुण कोणत्या तोंडाने मोजणार? म्हणून पायरीपायरीने वाढ झाली: 1979 मध्ये इंग्रजीत मिळालेल्या गुणांपैकी 10 टक्के धरले, मग 30, 50, 70 आणि 1983 पासून पूर्ण.

लाखो पेपर तपासायचे तर एकच बरोबर उत्तर असलेले प्रश्न सोयीचे. 1985 मध्ये ग्वांगदोंग प्रांतात भाषातज्ज्ञ गुई शिछुन यांच्या पुढाकाराने प्रमाणित, पर्यायी प्रश्नांची इंग्रजी परीक्षा सुरू झाली. अशा परीक्षेत व्याकरण चपखल बसतं. शिवाय चिनी विद्यार्थ्याची नेमकी तिथेच गोची होते. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही. काल जा, आज जा, उद्या जा, 'छ्यू' ते 'छ्यू'च. तो आणि ती दोन्ही बोलताना 'था'. त्यामुळे 'गो'चं 'वेंट' करणं त्यांना आपल्यापेक्षा जड जातं. आपण निदान गेला, गेली, गेले यात वाढलेलो असतो. 'अ' आणि 'द' या उपपदांच्या बाबतीत मात्र आपण आणि ते एकाच नावेत.

1987 मध्ये सुरू झालेल्या सीईटी-4 मध्ये वाचनाला 40 गुण होते, ऐकण्याला 20, शब्द व व्याकरणाला 15. परिणाम व्हायचा तो झाला. उतारा झरझर वाचणारी, पण समोरच्याचं इंग्रजी वाक्य डोक्यावरून जाणारी आणि बोलताना अडणारी पिढी तयार झाली. चिनी लोक स्वतःच त्याला 'याबा यिंग्यू' म्हणतात, म्हणजे मुकं इंग्रजी. माझ्या मते दोष मुलांचा कमी आणि गुणांच्या तक्त्याचा जास्त. परीक्षेत जे मोजतात, तेच वर्गात शिकवतात.

2005 पासून सुधारणा झाली. गुण 710 पैकी देऊ लागले, उत्तीर्णतेचं प्रमाणपत्र गेलं, ऐकणं आणि वाचन प्रत्येकी 35 टक्के झालं आणि व्याकरणाचा स्वतंत्र भाग उडाला. गावखावमध्येही सुट्या-सुट्या वाक्यांवरचे व्याकरणाचे प्रश्न मागे पडले. ग्वांगदोंगने 2007 मध्ये आणलेला प्रकार वेगळा होता: सलग उताऱ्यात दहा रिकाम्या जागा, काहींपुढे मूळ शब्द दिलेला, पण पर्याय एकही नाही. योग्य रूप स्वतः लिहायचं. इथे ठोकताळे चालत नाहीत.

या गुणांवर किती जणांचा जीव टांगलेला असतो ते नोव्हेंबर 2018 मध्ये झेजियांग प्रांतात दिसलं. तिथे गावखावचं इंग्रजी वर्षातून दोनदा देता येतं. या वेळचा पेपर कठीण गेला म्हणून वाचन आणि भाषावापराच्या काही प्रश्नांत मुलांना मिळालेले गुण अधिकाऱ्यांनी गुपचूप वाढवले. ज्यांना ते प्रश्न मुळातच जमले होते त्यांची आघाडी त्यामुळे घटली आणि पालक खवळले. प्रांत सरकारने चौकशी केली, वाढीव गुण रद्द झाले आणि डिसेंबरमध्ये सगळ्यांना मूळ गुण परत देण्यात आले.