थडग्यांनी राखलेली माती

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नजर पोहोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. मॅक्लीन काउंटीत या शेतांच्या मधोमध वेस्टन नावाची जुनी दफनभूमी आहे, जेमतेम पाच एकरांची. एकोणिसाव्या शतकात इथे वस्तीला आलेल्या कुटुंबांची थडगी तिथे आहेत आणि त्यांच्याभोवती डोक्याएवढं वाढणारं गवत. हे गवत कुणी लावलेलं नाही. शेती येण्याआधी सगळा मुलूख असाच होता.

1820च्या सुमारास इलिनॉयमध्ये 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी, म्हणजे असा नैसर्गिक गवताळ मुलूख, होती. 1975 ते 1978 या काळात राज्यभर पाहणी झाली, तेव्हा चांगल्या स्थितीतली प्रेअरी अडीच हजार एकरही भरली नाही. उरलेले तुकडे सापडले ते रेल्वेरुळांच्या कडेला आणि दफनभूमींत.

पूर्वेकडून आलेली कुटुंबं सुरुवातीला झाडीच्या आडोशाला राहिली. जिथे झाड उगवत नाही तिथे पीक काय येणार, असा त्यांचा समज. शिवाय मुळ्यांचं जाळं इतकं दाट आणि माती इतकी चिकट, की फाळ खरवडायला शेतकऱ्याला सारखं थांबावं लागे. 1837मध्ये जॉन डियर या लोहारानं करवतीच्या मोडक्या पात्यापासून गुळगुळीत पोलादी नांगर घडवला. त्यावरून माती आपसूक घसरू लागली आणि मग प्रेअरीचं काही खरं नव्हतं.

ही जमीन बेवारस होती असं मात्र कुणी समजू नये. ती पोटावाटोमी, किकापू अशा मूळ रहिवासी लोकांची होती. आग लावून ते गवताळ मुलूख मोकळा राखत. मूळ रहिवाशांना हलवण्याचा 1830चा कायदा आणि सॉक जमातीचा नेता ब्लॅक हॉक याच्याशी झालेलं 1832चं युद्ध यांनंतर त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं गेलं.

नव्या वस्त्यांत हिवताप होता, कॉलरा होता. घरातलं लेकरू गेलं की शेतातल्याच एखाद्या उंचवट्यावर त्याला पुरायचं. पुढे त्याच्या शेजारी आई, मग आजोबा. तेवढ्या जागेत नांगर घालायला कुणाचा हात धजावला नाही.

तिथे उगवणारी एक वनस्पती जवळून पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत तिला होकायंत्राचं झाड म्हणतात. तिची खरखरीत, खोल कातरलेली पानं उभी राहतात आणि त्यांच्या कडा उत्तर-दक्षिण असतात. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन पानाच्या सपाट बाजूवर पडतं, भर दुपारचं ऊन नुसतं कडेला लागतं. त्यामुळे पाणी वाचतं. मूळ चार मीटरपेक्षाही खोल जाऊ शकतं. अशी मुळं हजारो वर्षं कुजत राहिली, म्हणून तिथली माती काळी झाली. आपली काळी जमीन मुख्यतः बेसॉल्ट झिजून तयार झाली; तिथला काळेपणा मुळांच्या कुजण्यातून आलेला आहे.

ही माती किती गेली, हे मोजता आलं ते अशाच न नांगरलेल्या तुकड्यांमुळे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ आयझॅक लार्सन मिनेसोटातल्या एका जुन्या नॉर्वेजियन चर्चमध्ये लग्नाला गेले होते. चर्चच्या आवारापेक्षा शेजारचं मक्याचं शेत बरंच खाली बसलेलं त्यांना दिसलं. मग त्यांच्या गटानं प्रेअरीच्या 20 तुकड्यांच्या बांधांवर अचूक जीपीएसनं उंची मोजली. 2022मध्ये निष्कर्ष आले: शेतं साधारण 37 सेंटिमीटरनं खाली गेलेली, झीज वर्षाला सुमारे 1.8 मिलिमीटर, आणि सगळ्या मिडवेस्टमधून, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातून, 160 वर्षांत 57.6 अब्ज टन माती गेलेली. शेतीपूर्वीची झीज होती वर्षाला सुमारे 0.04 मिलिमीटर. दोष फक्त पावसाचा नाही. नांगर प्रत्येक फेरीत थोडी माती उताराकडे ढकलतो आणि टेकाडांचे माथे उघडे पडतात. सरकारी अंदाजांत ही झीज धरलीच जात नव्हती, हे मला फार गंभीर वाटतं.

हे तुकडे नुसते सोडून दिले तर झुडपं माजतात. म्हणून अधूनमधून मुद्दाम आग लावतात. प्रेअरीच्या गवताचे कोंब जमिनीखाली सुरक्षित असतात, ते पुन्हा फुटतात. पण आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर रान माजलंय असं वंशजांना वाटणंही समजण्यासारखं आहे. आयोवातल्या रॉचेस्टर दफनभूमीत हा वाद रंगला: गवत कापून आवार नीटनेटकं ठेवायचं, की फुलू द्यायचं? ती तेरा एकरांची जागा अजून वापरात आहे. तिथे आजही नवी कबर खणली जाते, तेव्हा कधीच न नांगरलेल्या त्या जमिनीत पहिल्यांदाच फावडं उतरतं.